गोदावरी समुद्रास मिळते तेथें

घरांत कोणतेंहि मंगल कार्य निघालें म्हणजे संकल्प सोडतांना आपण काळाबरोबर स्थळाचाहि उच्चार करतों, आणि महाराष्ट्रांतील बहुतेक घरीं त्या स्थळनिर्देशांत गोदावरीचा कांठ येतोच. दक्षिण तीर कीं उत्तर तीर, एवढेंच काय तें गांवाप्रमाणें बदलतें. नदीपासून पन्नास कोस दूर राहणारा मनुष्यहि आपला पत्ता तिच्याच कांठावरून सांगतो, ही पद्धत आम्हांस नेहमींच मोठी गोड वाटत आली आहे. परंतु गेल्या महिन्यांत अशाच एका प्रसंगीं आमच्या घरांतील एका दहा वर्षांच्या मुलानें, यजमानांनीं पळी खालीं ठेविली न ठेविली तोंच, "तीरें दोन, पण मग नदी संपते कोठें?" असें विचारलें, आणि वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. त्र्यंबक सर्वांस ठाऊक, नाशिक-पैठण ठाऊक, नांदेडहि ठाऊक. त्याच्या पुढें ती पूर्वेकडे जाते यापलीकडे कोणासच कांहीं सांगतां येईना. शेवटीं एका आजोबांनीं "समुद्रास मिळते, बाळ," म्हणून वेळ मारून नेली. उत्तर चुकीचें नव्हतें. पण ज्या भूमीवरून ती समुद्रास मिळते ती भूमि तिनें स्वतःच आणून घातलेली आहे, आणि त्या भूमीची कड आतां ठिकठिकाणीं समुद्राच्या पोटांत चालली आहे, ही गोष्ट त्या उत्तरांत येत नाहीं. या महिन्याचीं आमचीं पानें त्या मुलाच्या प्रश्नासाठीं.

ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते तेथून पश्चिम समुद्र अवघा ८० किलोमीटरांवर आहे. परंतु सह्याद्रीची पाठ पूर्वेकडे उतरती. त्यामुळें ती जी तोंड फिरविते ती १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरापाशींच थांबते. वाटेंत प्रवरा, पूर्णा, मांजरा तिला मिळतात. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचें पाणी घेऊन प्राणहिता येते. बस्तरच्या बाजूनें इंद्रावती आणि शबरी येतात. एकंदर ३,१२,००० चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशाचें, म्हणजे भारताच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाचें, पाणी तिच्या एका पात्रांत गोळा होतें. पापीकोंडांच्या डोंगरांतील अरुंद घळींतून ती बाहेर पडली कीं राजमहेंद्रीपाशीं तिचें पात्र सुमारें तीन किलोमीटर रुंद होतें. तेथून थोडें खालीं धवळेश्वरम् हें गांव आहे. आर्थर कॉटन या इंग्रज एंजिनियरानें १८४७ ते १८५२ या वर्षांत येथेंच नदीवर बंधारा घातला, आणि येथूनच नदीचे फांटे फुटतात. पूर्वेची ती गौतमी, पश्चिमेची ती वसिष्ठा, आणि वसिष्ठेंतून पुढें निघणारी ती वैनतेया. वसिष्ठा अंतर्वेदी येथें, श्रीनृसिंहाच्या देवळाजवळ, समुद्रास मिळते. ऋषींच्या नांवांनीं ओळखले जाणारे सात फांटे त्या बाजूचे लोक सांगतात. त्यांतील कित्येक आज ओढ्याएवढेच उरले आहेत. नदी एक वाट टाकून दुसरी धरते, याची तीं नांवें म्हणजे साक्षच होत.

गौतमी आणि वसिष्ठा यांच्या मधल्या भूमीस कोनसीमा म्हणतात. नारळीच्या बागा, भाताचीं खाचरें, कालवे आणि वेदविद्येसाठीं नांवाजलेले जुने अग्रहार, असा हा प्रदेश आहे. सिंहस्थांत आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकास जशी गर्दी लोटते, तशीच गुरूच्या त्याच राशिप्रवेशाच्या वेळीं राजमहेंद्रीस पुष्कर म्हणून मोठी यात्रा भरते. एकच नदी, एकच पर्वणी. मात्र दोन्ही टोकांच्या लोकांची परस्परांशीं ओळख नाहीं.

शाळेच्या भूगोलांत अशा भूमीस त्रिभुज प्रदेश म्हणतात. ग्रीक लिपींतील डेल्टा हें अक्षर त्रिकोणी, नाईल नदीच्या मुखाकडील प्रदेशहि त्रिकोणी. त्यावरून हेरोडोटसच्या काळापासून, म्हणजे ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकापासून, हें नांव रूढ झालें आणि जगभर गेलें. नांव सोयीचें आहे खरें, पण आमच्या मतें त्यानें मुलांची थोडी दिशाभूलच होते. नकाशा उघडून पाहावें, म्हणजे सरळ त्रिकोण फारसे आढळत नाहींत. अमेरिकेंतील मिसिसिपीचें मुख पक्ष्याच्या पसरलेल्या पंजासारखें समुद्रांत घुसलेलें आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशीं सुंदरबनाच्या बाजूस पाहावें तर किनारा फणीच्या दात्यांसारखा उभ्या खाड्यांनीं चिरलेला दिसतो. नाईलचा किनारा धनुष्याप्रमाणें गोलाकार, आणि त्यावर फांट्यांच्या मुखाशीं दोन टोंकें पुढें आलेलीं. एकाच प्रकारच्या भूमीचे आकार इतके निरनिराळे कां, याचा उलगडा १९७५ सालीं विल्यम गॅलोवे या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें केला. आणि गंमत अशी कीं, तो त्यानें एक त्रिकोण काढूनच केला. त्रिकोणाच्या एका टोंकाशीं नदी, दुसऱ्याशीं लाट, तिसऱ्याशीं भरती-ओहोटी. ज्या किनाऱ्यावर या तिघांपैकीं ज्याचें बळ अधिक, त्याचा ठसा त्या किनाऱ्यावर उमटतो. मिसिसिपीच्या समुद्रांत भरतीची चढउतर अर्ध्या मीटराहून कमी आणि लाटाहि एरवीं सौम्य. तेथें नदी आपल्या मनासारखें करते. गंगेच्या मुखाशीं भरती बलवत्तर, नाईलच्या मुखाशीं लाट. गोदावरीच्या वांट्यास तिघेहि आलेले आहेत. म्हणूनच तिचा किनारा पाहण्यासारखा झाला आहे.

आधीं नदीचें काम पाहूं. नाशिकचे लोक पुराचें माप दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. पाणी त्याच्या पायाशीं आलें, कमरेस लागलें, गळ्यापाशीं पोहोंचलें, अशी ती मोजणी असते. त्या दिवसांत रामकुंडावर उभे राहून पाण्याचा रंग पाहिला आहे, त्यास नदी काय वाहून नेते हें सांगावयास नको. जोरानें धांवणारें पाणी गोटे लोटीत नेतें, वाळू उचलतें, आणि बारीक माती तर त्यांत मिसळूनच गेलेली असते. वेग मंदावला कीं याच क्रमानें ओझें खालीं पडतें: गोटे डोंगराच्या पायथ्याशीं, वाळू पुढें, माती सर्वांत शेवटीं. वर्षभर नदी वाहत असली तरी गाळ आणण्याचें तिचें जवळजवळ सर्व काम पावसाळ्याच्या चार महिन्यांतच उरकतें. १९८६ च्या ऑगस्टांत आलेल्या महापुरांत धवळेश्वरम् येथून सेकंदाला सुमारें ३५ लाख घनफूट पाणी गेलें. अशा एका पुरांत मुखाशीं जी उलथापालथ होते ती कित्येक शांत वर्षांत होत नाहीं.

समुद्राशीं गांठ पडतांच पाण्याचा वेग एकदम मोडतो आणि वाळू मुखापाशींच बसते. तिचा उंचवटा होतो, पाण्याची वाट अडते, नदी त्याच्या दोन्ही बाजूंनीं जाऊं पाहते. असा एका प्रवाहाचा दोन प्रवाह होतो. पूर येऊन कांठावरून पाणी पसरतें तेव्हां कांठापाशींच जाड गाळ टाकून जातें, म्हणून फांट्यांचे कांठ आपोआप बांधासारखे उंच होतात आणि मधली जमीन सखल राहते. कांठ वाढत वाढत पात्रच भोवतालच्या जमिनीहून उंच झालें, कीं एखाद्या पुरांत बांध फोडून नदी नवी, जवळची वाट धरते. अतिशय बारीक चिकणमातीची गोष्ट मात्र निराळी. गोड्या पाण्यांत ती दिवसच्या दिवस तरंगत राहील. आमच्या वाचकभगिनींस ठाऊकच आहे कीं, पावसाळ्यांत गढूळ पाणी आलें म्हणजे त्यांत तुरटी फिरविली असतां गाळ गोळा होऊन तळाशीं बसतो. समुद्राचें मीठ नदीच्या गढूळ पाण्यास तुरटीप्रमाणेंच होतें. सुटे कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि खालीं बसतात. खारट पाणी नसतें तर ही माती कोठच्या कोठें वाहून गेली असती.

नदीनें आणून टाकलें तें तसेंच राहूं देणें लाटेच्या स्वभावांत नाहीं. बारीक माती ती उचलून खोल समुद्राकडे लावून देते आणि वाळू किनाऱ्यावर पसरते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत येथें लाटा दक्षिणेकडून तिरप्या येतात. तिरपी लाट वाळूचा कण तिरपा वर चढविते आणि परतणारें पाणी तो सरळ उतारानें खालीं आणतें. असें प्रत्येक लाटेगणिक एक एक पाऊल टाकीत वाळू किनाऱ्याच्या कडेनें उत्तरेकडे चालू लागते. हिवाळ्यांत ईशान्येचा वारा तिला थोडी मागें ढकलतो, पण वर्षाची बाकी उत्तरेच्याच बाजूस पडते. गौतमीच्या मुखाशीं पडलेली वाळू अशीच चालत चालत गेली आणि तिचा एक लांब, बारीक दांडा समुद्रांत तयार झाला. सुमारें सतरा-अठरा किलोमीटर लांबीचा हा दांडा काकीनाड्याच्या समुद्रास कवेंत घेतो. काकीनाडा बंदरास तुफानी समुद्रापासून जो आसरा आहे तो मनुष्यानें बांधलेल्या भिंतीपूर्वींच या वाळूनें दिलेला आहे. दांड्याच्या उत्तर टोंकाकडील भागास होप बेट म्हणतात. कांहीं पिढ्यांपूर्वीं तेथें नुसतें पाणी होतें असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं, कारण दांड्याची बरीचशी वाढ गेल्या एक-दोन शतकांतीलच आहे.

लाटेचें दुसरें काम आंतल्या बाजूस पाहावयास सांपडतें. किनाऱ्यावर वाळूचा एक वरंबा पडतो. पुढें नदी आणखी गाळ घालते, समुद्र मागें सरतो, आणि त्याच्यापुढें दुसरा वरंबा पडतो. कोनसीमेंत किनाऱ्यापासून आंत कित्येक किलोमीटरांपर्यंत असे वरंबे एकामागून एक पडलेले आहेत. उसाच्या शेतांतील सरी-वरंबा ज्यानें पाहिला आहे त्यास हें चित्र ओळखीचें वाटेल. भेद एवढाच कीं, येथील एकेक वरंबा म्हणजे एका काळचा समुद्रकिनारा होय. वरंब्यावर वाळू, निचरा चांगला, विहिरीस गोडें पाणी. म्हणून गांवें, देवळें आणि नारळी तेथें. सरींत चिकणमाती, पाणी सांचणारें. म्हणून भात तेथें. गांव कोठें वसवावें हें या प्रदेशांत लाटेनेंच ठरवून ठेविलें आहे म्हणावयास हरकत नाहीं.

तिसरा कारागीर भरती-ओहोटी. काकीनाड्याच्या बाजूस मोठ्या भरतीची चढउतर दीड मीटराच्या आसपास असते, म्हणजे गंगेच्या मुखाच्या मानानें थोडीच. पण दांड्याच्या आडोशास, जेथें लाट पोहोंचत नाहीं, तेथें एवढीहि भरती पुरे होते. दिवसांतून दोनदां पाणी आंत शिरतें, चिखल पसरतें आणि निघून जातें. त्या चिखलावर तिवरांचें अफाट रान वाढलें आहे; तेंच कोरिंगाचें अभयारण्य. तिवराच्या मुळ्या चिखल धरून ठेवतात, धरलेल्या चिखलावर नवीं तिवरें उगवतात. येथें समुद्राकडून जमीन मिळविण्याचें काम इतकें निमूटपणें चालतें कीं, होडींतून जाणाऱ्यास त्याची चाहूलहि लागत नाहीं.

या ठिकाणीं एक शंका कोंकणांतील वाचकांच्या मनांत खचित येईल. गोदावरीचा फांटा जशी वसिष्ठा, तशी चिपळूणची वाशिष्ठीहि आहे. मग दाभोळापाशीं असा प्रदेश कां झाला नाहीं? कोंकणच्या नद्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून निघून समुद्रास लागलीच मिळतात. त्यांचें खोरें लहान, खडक कठीण. गाळ आणावयाचा तो किती आणणार? शिवाय शेवटचें हिमयुग संपून समुद्राचें पाणी चढलें तेव्हां त्यांच्या दऱ्यांचीं तोंडें पाण्याखालीं गेलीं. बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या म्हणजे अशा बुडालेल्या दऱ्याच होत. त्या भरून काढण्याइतका गाळच या नद्यांपाशीं नाहीं, आणि आहे तोहि भरती-ओहोटी पुढेंमागें खेळविते. पश्चिम किनाऱ्यानें बंदरें मिळविलीं, पूर्व किनाऱ्यानें शेतें.

समुद्र चढण्याची ही गोष्ट गोदावरीसहि लागू होती. बर्फ वितळून पाणी भराभर चढत होतें तोंपर्यंत जगांतील कोणत्याच नदीस मुखाशीं भूमि करतां आली नाहीं. टाकलेला गाळ पाण्याखालीं जाई. सुमारें साडेआठ हजार ते साडेसहा हजार वर्षांपूर्वीं हें चढणें मंदावलें, आणि नाईलपासून गंगेपर्यंत सर्व मोठ्या नद्यांनीं बहुधा त्याच सुमारास भूमि घालण्यास प्रारंभ केला. कोनसीमेचें वय म्हणजे एवढेंच. पर्वतांच्या मानानें तें कालचें पोर आहे.

गोदावरीच्या मुखासमोरील समुद्रतळांतून शास्त्रज्ञांनीं गाळाचे लांब स्तंभ काढून तपासले आहेत. त्यांतून एक विशेष गोष्ट निघाली आहे. सुमारें चार हजार वर्षांपूर्वींपासून मध्य भारतांतील पाऊस कमी होत गेला, रान विरळ झालें, आणि दख्खनच्या काळ्या खडकाची माती पूर्वींपेक्षां अधिक प्रमाणांत वाहून येऊं लागली. पुढें शेतीचा विस्तार झाला तशी ही धूप आणखी वाढली. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद, नेवासें, जोर्वें या ठिकाणीं तीन-चार हजार वर्षांपूर्वीं शेतकऱ्यांचीं गांवें होतीं, हें उत्खननांनीं सिद्ध झालेलें आहे. त्या गांवांचा नांगर जमिनीस लागला, पावसानें ती मोकळी माती ओढ्यास दिली, ओढ्यानें प्रवरेस, प्रवरेनें गोदेस. कोनसीमेंतील भाताच्या खाचरांत आज जी काळी माती आहे, तींतील कांहीं भाग अहमदनगर-औरंगाबादेकडील शेतांतून गेला आहे. (या दोन्ही जिल्ह्यांचीं नांवें आतां सरकारनें बदललीं आहेत, जुन्या वाचकांच्या सोयीसाठीं आम्ही जुनींच लिहितों.) तेव्हां त्या प्रदेशास परका म्हणण्याचा आपणांस फारसा अधिकार नाहीं.

आतां त्या मुलास सांगण्यास आम्हांस अवघड वाटलेला भाग. अशा भूमीचा किनारा म्हणजे रोज मांडला जाणारा जमाखर्च आहे. नदी जमा करते. लाट आणि भरती कांहीं इकडचें तिकडे करतात, कांहीं कायमचें नेतात. याखेरीज भूमि आपल्या आपण खचत असते. नव्या कापसाची गादी जशी वापरतां वापरतां दबून बसते, तसा ओला चिखल आपल्याच भारानें, त्यांतील पाणी निघून जाऊन, दबत जातो. या दबण्याची भरपाई दर वर्षीच्या नव्या गाळानें होत असे. आणि ज्या समुद्रानें काहीं हजार वर्षें जवळजवळ स्थिर राहून ही भूमि होऊं दिली, तो पुनः चढूं लागला आहे. १९९३ पासून उपग्रहांच्या मोजणीनें ही वाढ सरासरी वर्षाला ३ मिलिमीटरांहून अधिक ठरली आहे. खर्चाच्या तीन बाबी वाढत असतां जमेची बाजू तरी पूर्वींसारखी हवी होती.

ती तशी राहिलेली नाहीं. कॉटनचा बंधारा ठेंगणा होता. पुराचें गढूळ पाणी त्यावरून जात असे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर मोठीं धरणें झालीं. पैठणचें जायकवाडी १९७६ सालीं पुरें झालें. त्याखेरीज श्रीरामसागर आणि लहानमोठीं कितीतरी. धरणाच्या संथ पाण्यांत नदीचा वेग मोडतो, आणि समुद्राच्या मुखाशीं पडावयाचा गाळ तेथेंच पडतो. १९७० नंतरच्या दशकांत गोदावरी समुद्राकडे वर्षाला सुमारें १५ कोटी टन गाळ नेत होती. १९९० नंतरच्या दशकांत तो आंकडा ६ कोटी टनांच्या आंत आला. त्याचा परिणाम उपग्रहांच्या चित्रांत स्पष्ट दिसला. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत या किनाऱ्यावर कोठें भर पडली आणि कोठें झीज झाली, याची बाकी काढतां सुमारें १८ चौरस किलोमीटर भूमि उणी निघाली. हजारों वर्षें पुढें सरत आलेला किनारा मागें फिरला.

हें केवळ गोदावरीचें दुखणें नव्हे. ईजिप्तमध्यें आस्वानचें उंच धरण १९७० सालीं पुरें झालें आणि नाईलचा जवळजवळ सर्व गाळ धरणामागें अडकला. रोझेटा आणि दमिएटा येथील पुढें आलेलीं टोंकें तेव्हांपासून समुद्रानें कुरतडून टाकलीं. मिसिसिपीचे बांध उंच करून तिला पुरांत पसरूंच दिलें नाहीं. या व इतर कारणांनीं लुइझियानाच्या किनाऱ्यानें १९३२ ते २०१० या काळांत सुमारें ४,९०० चौरस किलोमीटर भूमि गमावली. आणि आपल्या महाबळेश्वरची कृष्णा? तिच्यावर श्रीशैलम् आणि नागार्जुनसागर हीं प्रचंड धरणें झाल्यापासून तिच्या मुखाशीं पोहोंचणारा गाळ नांवापुरताच उरला आहे. गोदावरीस निदान प्राणहिता आणि इंद्रावती हाताशीं आहेत. कृष्णेस तेवढाहि आधार नाहीं.

काकीनाड्याच्या उत्तरेस उप्पाडा म्हणून गांव आहे. तेथील जामदानी विणीचें पातळ पुष्कळ घरांत लग्नकार्याच्या निमित्तानें आलेलें असेल. या गांवाचीं घरें आणि देवळें एकामागून एक समुद्रांत गेलीं आहेत. कारणें एकाहून अधिक आहेत: वाळूचा दांडा वाढतांना उत्तरेकडे जाणारी वाळू आपल्याच पोटांत घेतो, दांड्याच्या टोंकाशीं लाटा वळून याच किनाऱ्यावर येऊन आदळतात, बंदरासाठीं केलेल्या बांधकामानेंहि वाळूची वाट अडते. किनारा वाचविण्यासाठीं वाळू भरलेल्या भल्यामोठ्या पिशव्यांची आणि दगडांची भिंत तेथें घातली. समुद्रानें तिचीहि मोडतोड केली. भिंतीविषयीं आमचें मत असें कीं, तिनें मागचें घर कांहीं काळ वांचतें, पण पुढची पुळण जाते, आणि शेजारच्या किनाऱ्याची झीज वाढते. पुळण ही लाटेचें बळ खाणारी वस्तु आहे. ती गेल्यावर भिंतीस एकटीनें झुंजावें लागतें.

पुळण आणि तिवरें यांचें मोल या किनाऱ्यास किती आहे हें वादळांनीं सांगितलें आहे. कोरिंगा हें एके काळीं भरभराटीचें बंदर होतें. १७८९ च्या वादळांत समुद्र त्यावर चालून आला, आणि १८३९ च्या नोव्हेंबरांतील वादळानें तें जें बसलें तें पुनः उठलें नाहीं. या समुद्रांतील अशा वादळांचा अभ्यास करूनच कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टननें 'सायक्लोन' हा शब्द बनविला. तो आज जगभर चालतो. १९७७ च्या १९ नोव्हेंबरास कृष्णेच्या मुखाशीं दिवि तालुक्यांत सुमारें पांच मीटर उंचीचें उधाण आलें आणि निदान दहा हजार माणसें एका रात्रींत गेलीं. १९९६ च्या नोव्हेंबरांत कोनसीमेवर आलेल्या वादळांत हजाराहून अधिक माणसें दगावलीं आणि नारळीच्या बागा आडव्या झाल्या. सखल भूमि जितकी खचेल आणि कांठ जितका मागें येईल, तितकें पुढच्या खेपेस पाणी अधिक आंत शिरणार, हें सांगावयास शास्त्रज्ञ नको.

धरणें फोडावींत असें आम्ही म्हणत नाहीं. मराठवाड्यांतील ज्या घरीं चैत्र-वैशाखांत टांकीची वाट पाहत घागरी मांडून बसावें लागतें, त्यांना कोनसीमेची काळजी करावयास सांगणें क्रूरपणाचें होईल. परंतु गोदावरीच्या जलविवादाचा निवाडा न्यायमूर्ति बच्छावत यांच्या लवादानें १९८० सालीं दिला तेव्हां राज्याराज्यांत वांटणी झाली ती पाण्याची. आजहि तंटा होतो तो पाण्याच्याच आंकड्यांवर. पाण्याबरोबर माती जाते, आणि ती खालच्या मुलखास लागते, ही बाब हिशेबाच्या वहींत अद्याप नीट चढलेली नाहीं. जगांत कांहीं ठिकाणीं पुराच्या आरंभीं तळाचे दरवाजे उघडून गाळ खालीं सोडण्याची रीत आहे. चीनमध्यें पीत नदीवर शिआओलांगदी धरणांतून २००२ पासून तसें करून पाहिलेलें आहे. प्रत्येक धरण त्या कामाचें नसतें, आणि सांचलेला गाळ एकदम सोडल्यास खालच्या मासळीचा नाश होतो, हेंहि खरें. तरी राजमहेंद्रीच्या वर पोलवरम येथें नवें मोठें धरण बांधावयास घेतलेलें असतां हा विचार आतांच झालेला बरा. सिमेंट वाळल्यावर तो होत नाहीं.

त्या मुलास आम्ही यांतलें किती सांगितलें? धवळेश्वरम् आणि अंतर्वेदी हीं नांवें सांगितलीं, तुरटीचा प्रयोग मिठानें करून दाखविला. कांचेच्या दोन पेल्यांत कुंडींतली चिकणमाती ढवळून एकांत मूठभर मीठ घातलें. तासाभरांत मिठाचें पाणी बरेंच निवळलें, दुसरें तसेंच गढूळ राहिलें. मग त्यानें विचारलें, नाशिकचा गढूळ पूर आतां कोठपर्यंत जातो? येत्या श्रावणांत दुतोंड्या मारुतीच्या कमरेस पाणी लागेल तेव्हां त्यांतील बरीचशी माती पैठणास, नाथसागराच्या तळाशीं जाऊन बसेल, असें आम्हीं त्यास सांगितलें. तो म्हणाला, "मग पेला तिथेंच संपला." आणि गढूळ पाण्याचा पेला उचलून तो अंगणांतील तुळशीला घालण्यास गेला.